आधी पंचांग, मग नकाशा

चि. भाचीबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा व्हॉट्सॲपवर मिळाला. ३ दिवस, ७ जणं, २ गाड्या आणि हरिहरेश्वरपासून मालवणपर्यंत ११ किनारे. वाचताना एस.टी.चं वेळापत्रक आठवलं, पण एस.टी. निदान जेवायला थांबते. मालवण खोड. गणपतीपुळेही खोड. शनिवारी वेळास आणि आंजर्ले, रविवारी गुहागर, जमलं तर हेदवी, आणि सोमवारी चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून परत. एवढंच.

नाराज होऊ नकोस. तुला नकाशावर बोटभर दिसतं त्या अंतराच्या मध्ये खाडी असते. बागमांडल्याहून वेश्वीला सावित्री ओलांडायची, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी. फेरीबोटीत गाडी चढते, पाण्यावरचा प्रवास काही मिनिटांचा, पण २६ जानेवारीच्या सुट्टीत जेटीवरची रांग काय असते ते विचारू नकोस. त्या रांगेत चिडायचं नाही, भजी खायची. बोटीत चढताना ओहोटी असेल तर उतार जास्त होतो आणि बुटक्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. त्या वेळी मागच्या सगळ्यांना खाली उतरव.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या यादीत तंबू आहेत, गॅसची शेगडी आहे, स्पीकर तर दोन आहेत. पंचांग नाही. हसलीस ना? तुझे आजोबा भरतीची वेळ घड्याळाकडे न बघता सांगायचे, आणि मी लहानपणी समजायचे की समुद्र त्यांचं ऐकतो. हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट कर. चतुर्थीला भरती ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि पुढच्या सव्वासहा तासांत पुन्हा भरती. थोडं मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावर कधी पोचायचं आणि कधी निघायचं हे ठरवायला पुरतं.

तुमच्यापुरतं करून बघू. रविवारी रथसप्तमी आहे. सात त्रिक एकवीस, भागिले चार. म्हणजे सव्वापाचला भरती, पहाटेही आणि संध्याकाळीही. तू लिहिलंयस, 'सूर्यास्ताला गुहागरच्या वाळूत क्रिकेट'. सूर्यास्ताला तिथे खेळण्याजोगी वाळू कमीच उरलेली असेल. क्रिकेट सकाळी अकराला खेळा, किनारा तेव्हा मैदानासारखा पसरलेला असतो. ऊन लागेल, लागू दे. संध्याकाळची भरती मात्र हेदवीला कामाची आहे. तिथे बामणघळ नावाची खडकातली चीर आहे, भरतीची लाट त्यात घुसून वर उसळते. पण सप्तमी-अष्टमी म्हणजे भांगाची, कमी जोराची भरती, अमावास्या-पौर्णिमेसारखं उधाण नाही, त्यामुळे फोटोत असतं तेवढं पाणी उडणार नाही. तरीही जिथवर खडक ओला दिसतो त्याच्या अलीकडेच उभं राहायचं.

हे सगळं मी शहाणपणाने शिकले असं समजू नकोस. १९९९ साली आम्ही पाच जणांनी एका किनाऱ्यावर जीप थेट वाळूत उतरवली. दुपारचे दोन, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट. जेवलो, झोपलो. साडेचारला जाग आली तेव्हा मागच्या चाकांभोवती पाण्याची चकचकीत कडी झाली होती. लाट अजून दहा-बारा पावलं लांब होती, हे पाणी खालून झिरपत होतं. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला तशी चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटापर्यंत रुतली. गावातली माणसं धावत आली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी चारही चाकांची निम्मी हवा सोडायला लावली, मग चाकांखाली होडीच्या फळ्या घातल्या, आणि दोर लावून सगळ्यांनी ओढलं. गाडी निघाली तेव्हा लाटा बोनेटवर येत होत्या. 'गाडी म्हंजे काय होडी वाटली काय तुमाला?' एवढंच ते बोलले. पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी एकादशी होती, सव्वाआठची भरती, हे मी घरी येऊन पंचांगात बघितलं. वर्षभरात जीपचा खालचा पत्रा गंजून सुटायला लागला. तेव्हा तुमच्या दोन्ही गाड्या डांबरावरच राहतील. कुणी कितीही रील दाखवली तरी.

तंबूही वाळूत नको. शेवाळ, काटक्या, चपला यांची एक ओळ वाळूवर दिसते, तिथवर मागची भरती आलेली असते. पुढची तिथेच थांबेल असं पाणी लिहून देत नाही. शिवाय तंबूच्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून ती पुरावी लागते. माडाखाली तर मुळीच नको, नारळ खाली कोण आहे बघून पडत नाही. सुरूच्या बनात झोपायला छान वाटतं, पण तिथल्या वाळलेल्या काड्या पेट घेतात, म्हणून तिथे शेगडीसुद्धा पेटवायची नाही. सगळ्यात बरं म्हणजे कुणाच्या तरी वाडीत, विचारून, ठरलेले पैसे देऊन. संडास मिळतो, विहीर मिळते आणि सकाळी घावने मिळतात. रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा तंबूचं तोंड समुद्राकडे कर, नाहीतर पहाटे कुडकुडशील. दव इतकं पडतं की पाऊस पडून गेला असं वाटेल.

वेळासला आणि आंजर्ल्याला कासवांचा मोसम चालू असेल. पिल्लं बघायला मिळतील या आशेने जाऊ नका, ती बहुतेक फेब्रुवारीनंतर निघतात. पण माद्या अंडी घालायला रात्रीच येतात, आणि उजेड दिसला की परत फिरतात. म्हणून तिथल्या वाळूत शेकोटी नाही, बॅटरी नाही, आणि ते दोन स्पीकर गाडीत.

पोहण्याबद्दल. खाडीच्या मुखाशी आणि खडकांच्या कडेला पाण्याला ओढ असते. लाटा दोन्ही बाजूंना फुटतायत आणि मधला पट्टा शांत, जरा गढूळ दिसतोय, तर तीच ओढीची जागा. नवशिके नेमके तिथे उतरतात, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. सापडलंच कुणी, तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यायचं, मग आत वळायचं. आणि दारूबद्दल बोलणार नाही असं मी तुझ्या बाबांना कबूल केलंय, म्हणून एकच वाक्य: प्यालेला माणूस घोट्याच्या वर पाण्यात नाही आणि गाडीच्या स्टिअरिंगवर तर नाहीच.

ताम्हिणी घाट रात्री उतरायचा नाही. शुक्रवारी ऑफिस करून बाराला निघण्यापेक्षा झोपा आणि पहाटे पाचला निघा.

रविवारचा मुक्काम आपल्या गुहागरच्या आगरात करा. चावी समोरच्या घरी आहे, मी फोन करून ठेवलाय. जेवायला सात जण हे त्यांना सकाळीच सांग, मासे खाणारे किती तेही. विहिरीचा दोर जुना झालाय, नवा चिपळुणात घे, पन्नास हात. आणि पडवीतल्या मांजरीला पिल्लं झालीत म्हणे, तेव्हा तंबू तिकडच्या कोपऱ्यात नको.

तुझी,
आत्या