चॅपल हिलमध्ये गाडीशिवाय राहता येईल का?

हो, येईल, फक्त घर बसच्या मार्गावर बघा. नॉर्थ कॅरोलायनातल्या या विद्यापीठाच्या गावात ‘चॅपल हिल ट्रान्झिट’च्या बसला 2002 पासून तिकीटच नाही. विद्यार्थी असो वा पाहुणा, कार्ड दाखवावं लागत नाही, थेट चढायचं. चॅपल हिल, शेजारचं कारबरो आणि विद्यापीठ मिळून खर्च उचलतात. मला ही व्यवस्था मनापासून आवडते, कारण कमी पगारावर राबणाऱ्यालाही ती तितकीच उपयोगी पडते. सायकल बसच्या पुढच्या रॅकवर लावता येते.

अडचण शनिवार-रविवारची. तेव्हा बस खूपच कमी असतात, म्हणून करार करण्याआधी त्या मार्गाचं रविवारचं वेळापत्रक नक्की तपासा. डरहॅम किंवा रॅलेला जायला ‘गोट्रायअँगल’ची बस आहे.