मन खचलंय ते तू जास्त विचार करतेस म्हणून नाही गं

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, दिवाळीपासून परत रक्त पडतंय, सकाळी उठावंसं वाटत नाही, लेकीशी बोलायचाही कंटाळा येतो, आणि सासूबाई म्हणतात इतका विचार करतेस म्हणून पोट बिघडतं. त्यात रीलवर कुणीतरी 'लीकी गट'ची, म्हणजे 'गळक्या आतड्या'वरची, साडेचार हजारांची पावडर सांगितली, तर गोळ्या बंद करून ती घेऊ का, असं विचारतेयस.

गोळ्या बंद करू नकोस, हे सगळ्यात आधी. स्टिरॉइड चालू असेल तर ते एकदम थांबवणं धोक्याचं असतं, आणि त्याच्यानेही मूड वरखाली होतो, म्हणून डॉक्टरांना हे सांगच.

आता सासूबाईंचं. ताणाने पोट बिघडतं हे खरंय, पण उलटंही तेवढंच खरंय. आतड्याचं आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं, पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात म्हणून आतले जंतू आतच राहतात. सूज आली की ते सांधे सैल होतात, जंतूंचे तुकडे पलीकडे जातात, शरीर लढायला उठतं आणि त्या लढाईत जी रसायनं तयार होतात ती मेंदूपर्यंत निरोप पोचवतात. ताप आल्यावर आपण कसे गप्प पडून राहतो, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, भूक मरते, तसंच काहीसं, फक्त ते महिनोन्‌महिने चालतं. पूर्वी हेपॅटायटिस सी वर इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, ते असंच एक रसायन, आणि त्याने कितीतरी चांगले हसतेखेळते पेशंट डिप्रेशनमध्ये गेले. आतड्याच्या या आजारात साधारण चारातल्या एकाला डिप्रेशनची लक्षणं असतात, आजार उफाळलेला असताना तर जास्तच. म्हणजे तू एकटी नाहीस आणि कमजोर तर अजिबात नाहीस.

पावडरचे पैसे वाचव. 'लीकी गट' म्हणून जे विकतात त्याने कोलायटिस बरा होत नाही. त्याच पैशात शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्यात सूज किती ते कळतं) आणि रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठवलेलं लोह) होईल, कारण रक्त जाऊन लोह कमी झालं तरी असाच थकवा येतो गं, आणि ते लोह गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने भरून निघतं. अंग दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन मात्र मनाने घेऊ नकोस, त्याने आजार भडकू शकतो.

खाण्याचंही विचारलंयस. ऑस्ट्रेलियात डिप्रेशनच्या 67 लोकांवर झालेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, भाज्या, डाळी, मासे असं खाणाऱ्या गटातले जवळजवळ एक तृतीयांश 12 आठवड्यांत त्यातून बाहेर आले, पण बहुतेकांचे उपचार सोबत चालूच होते आणि तो अभ्यास कोलायटिसच्या पेशंटवरचा नव्हता. तुला रक्त पडतंय तोवर कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्यं नकोतच, मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी बरा.

पोटाच्या डॉक्टरांना मनाचं सांग, अगदी रडू आलं तरी सांग, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, दोघांना एकमेकांच्या गोळ्या माहीत असू देत. जगणंच नको असं वाटलं तर रात्री-अपरात्री 14416 ला फोन कर, टेली मानसची ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. पुढच्या भेटीला सासूबाईंनाच सोबत ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल. कॅलप्रोटेक्टिनचा रिपोर्ट आला की मला कळव.