वाचक विचारतात : सोंगाचा मुखवटा

आमच्या गावच्या बोहाड्यात (मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवात) जुने लाकडी मुखवटे जड होतात म्हणून पोरांनी यंदा कागदाचे केले. पण तीन मुखवटे वाळताना वाकडे झाले आणि एकाचं नाक साच्यालाच चिकटून राहिलं. कुठे चुकलं असेल? (एक वाचक, मोखाडा तालुका)

तुम्ही लिहिलेल्या दोन खोडी दोन वेगळ्या जागी जन्मतात. नाक चिकटलं ते पहिल्या थरात, मुखवटे वाकले ते वाळवताना.

साचा कुंभारमातीचा करा आणि चेहऱ्यापेक्षा सगळीकडून दीड-दोन सेंटीमीटर मोठा ठेवा. कागद वाळताना आकसतो आणि आत कापडाची गादीही बसवायची असते. साच्यात नाकपुडीखाली किंवा ओठाच्या आत खाच राहिली की मुखवटा तिथे अडकतो. रंगाने दाखवता येईल ते साच्यात खोल कोरू नका. साचा आंबट-ओला असतानाच त्यावर चाळलेली राख भुरभुरावी. पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातलं चरिदा हे गाव छाऊ नाचाच्या मुखवट्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले सूत्रधार कारागीरही मातीच्या साच्यावर राखच वापरतात. कागदाचा पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवून लावा, त्याला खळ अजिबात नको. तुमच्या पोरांनी बहुधा पहिल्याच थराला खळ लावली.

दुसऱ्या थरापासून खळ. मैद्याची खळ लवकर होते, पण झुरळं आणि कसर तिच्यावर तुटून पडतात. चिंचोक्याची खळ उत्तम. चिंचोके भाजून वरचं तपकिरी टरफल काढा, रात्रभर भिजवा, वाटा आणि मंद आचेवर शिजवा. 100 ग्रॅम सुक्या गराला साधारण 1 लिटर पाणी धरा आणि गुठळी होऊ नये म्हणून सतत हलवत राहा. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायची जुनी रीत आहे. पण मोरचूद विषारी असतो. तो फक्त बाहेरच्या दोन थरांच्या खळीत घाला, तोंडाला लागणाऱ्या आतल्या बाजूला कधीच नको.

कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड पातळ असते, ती खालच्या थरात मिसळून जाते. कापलेल्या कडेची रेघ रंगातूनही दिसते. एक थर वर्तमानपत्राचा आणि एक खाकी कागदाचा असा घेतला की कुठे सुटलं ते लगेच कळतं. आठ ते दहा थर पुरेत, मात्र तीन-तीन थरांनंतर अर्धा दिवस थांबा. सगळे एका बैठकीत चढवले तर आतला ओलावा कोंडतो, बुरशी धरते आणि थर सुटतात.

आता वाकडेपणा. ओला मुखवटा थेट उन्हात ठेवला की वरचा थर आधी आकसतो आणि कडा आत वळतात. पहिले दोन दिवस सावलीत, वारा लागेल असा ठेवा, मग कोवळ्या उन्हात. पूर्ण सुकेपर्यंत साच्यावरून काढू नका. टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर अजून एक दिवस. काढल्यावर कडेला कापडाची पट्टी दुमडून चिकटवा, कारण मुखवटा फाटायला नेहमी कडेपासूनच सुरुवात होते. मग पातळ माती आणि जुन्या मऊ सुती कापडाचा हात, घोटाई, त्यावर खडूपूड आणि डिंकाचं अस्तर आणि शेवटी रंग.

रंगाबद्दल एक कळकळीची सूचना. ऑइलपेंट टिकतो खरा, पण चकाकतो. बोहाड्याचे मुखवटे टेंभ्याच्या, खालून येणाऱ्या हलत्या उजेडासाठी घडलेले आहेत. भुवई, गाल आणि ओठ उठावदार ठेवतात ते त्यासाठीच. हॅलोजनखाली चकाकणारा रंग हा सगळा उठाव पुसून टाकतो. रंग मंद, बिनचकाकीचाच घ्या. आणि कागदी सोंग नाचताना टेंभेवाल्याने चार हात लांब राहिलंच पाहिजे, लाकडाच्या सवयीने जवळ येऊ नये.

मुखवटा बांधल्यावर पुढे झुकतो, समोरचं दिसत नाही, अर्ध्या तासात जीव गुदमरतो. सोंग पूर्ण फेरी करू शकत नाही. (एक वाचक, पेठ, जि. नाशिक)

दोरीची भोकं तपासा. बहुतेक जण ती कानाच्या रेषेत पाडतात. मुखवट्याचं वजन पुढे असतं, त्यामुळे तो हनुवटीवर घसरतो. भोकं कानशिलाच्या वर घ्या आणि तिसरी दोरी कपाळावरून टाळूवर नेऊन मागे बांधा. कपाळाशी कापडाची छोटी चुंबळ ठेवा. तिने वजन नाकावर न येता डोक्यावर येतं आणि चेहरा व मुखवटा यांत बोटभर हवा खेळते. रावणासारखं रुंद सोंग असेल तर नुसत्या डोक्यावर भार देऊ नका. चौकटीचे बंद खांद्यावरून छातीशी आणि कमरेशी आणून उपरण्याने आवळा.

मोठ्यांच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. रंगवलेले डोळे मुखवट्याच्या मापाने त्याहून दूर गेलेले असतात, म्हणून बघायची फट बुबुळात न पाडता रंगवलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात किंवा नाकपुडीत पाडा. सोंग घेणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा धरून, आतून पेन्सिलीने खूण करूनच भोक पाडावं. अंदाजाने पाडलेलं भोक हमखास चुकतं. तोंडाची फट मात्र उघडीच हवी. दात रंगवून ती बुजवली की श्वासाची वाफ आत साचते आणि कागद आतून मऊ पडतो.

जपानच्या नो नाट्यात मुखवट्याचे डोळे जेमतेम चणाडाळीएवढे असतात असं वाचलं. मग नट चालतो कसा? (एक वाचक, पुणे)

खांब बघून. नोच्या रंगमंचाला चार खांब असतात आणि समोरच्या कोपऱ्यातल्या खांबाचं नावच ‘मेत्सुकेबाशिरा’, म्हणजे नजर लावायचा खांब. नटाला त्या छिद्रातून फारसं काही दिसत नाही. तो खांब आणि मोजून टाकलेली पावलं यांवर चालतो, पाय फळीवरून न उचलता सरकवतो.

छिद्र लहान ठेवण्यात सोय नाही, पण फळ मोठं आहे. मुखवटा हिनोकी लाकडाचा, वर शिंपल्याची पूड आणि सरस यांचे थर. त्यातल्या तरुण स्त्रीच्या मुखवट्यावरचा भाव मुद्दाम अर्धवट कोरलेला असतो. तो किंचित वर केला की उजेड गालांवर येतो आणि चेहरा उजळतो, याला ‘तेरासु’ म्हणतात. खाली झुकवला की भुवयांची सावली पडून तो उदास होतो, त्याला ‘कुमोरासु’. मोठं भोक असतं तर त्यातून जिवंत डोळा हलताना दिसला असता आणि ही किमया मोडली असती. मुखवटा चेहऱ्यापेक्षा लहान असतो, नटाची हनुवटी खाली दिसते आणि ती झाकायचा प्रयत्न कुणी करत नाही. नट आरशाच्या खोलीत मुखवट्यासमोर नमस्कार करून तो चढवतो. धरायचा तो दोरीच्या भोकांजवळच्या कडांनीच, रंगलेल्या पृष्ठाला बोट लावायचं नाही. आपल्याकडे सोंग अंगावर घेण्याआधी मुखवट्याची पूजा होते, ती आठवल्याशिवाय राहत नाही.

घराण्याकडे असलेल्या देवीच्या जुन्या लाकडी मुखवट्यातून पिवळसर भुसा पडतो. रॉकेल लावावं का? (एक वाचक, जव्हार)

रॉकेल नको, उन्हातही ठेवू नका. दोन्हींनी जुना रंग पोपडे धरून सुटतो. भुसा ताजा आणि फिकट असेल तर घुण आत जिवंत आहे. मुखवट्याखाली काळा कागद अंथरून आठवडाभर बघा. भुसा पडतच राहिला तर मुखवटा मऊ कापडात गुंडाळा, जाड प्लास्टिक पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. रंगाचे पोपडे आधीच सुटत असतील तर हा उपाय करू नका, संग्रहालयाच्या जतन-तज्ज्ञाला दाखवा. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड किडीला दूर ठेवतात, पण लाकडात शिरलेला घुण त्यांनी मरत नाही. मुखवटा खुंटीला टांगू नका, उताणा ठेवून आत मऊ कापडाचा आधार द्या. आणि हे सगळं करण्याआधी ज्यांच्याकडे त्या सोंगाचा मान आहे त्यांना विचारा. पूजेतला मुखवटा फ्रीझरमध्ये ठेवायचा की नाही हे तेच ठरवतील.

मुलाकडे अमेरिकेत ॲरिझोनाला आलो आहोत. इथल्या होपी या मूळनिवासी लोकांचा मुखवटा दिवाणखान्यासाठी घ्यावा म्हणतो. (एक वाचक, सध्या फिनिक्स)

घेऊ नका. होपींच्या कात्सिना (त्यांच्या श्रद्धेतले आत्मे) विधीत जे चेहऱ्यावर चढवतात ते त्यांच्या लेखी वस्तू नाही, जिवंत मित्र आहेत. त्यांची खरेदी-विक्री त्यांना मान्य नाही. 2013 मध्ये पॅरिसला असे मुखवटे लिलावात निघाले, होपींनी विरोध केला आणि न्यायालयाने विक्री थांबवली नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या लिलावात ॲनेनबर्ग फाउंडेशन या अमेरिकी दानसंस्थेने 24 पवित्र वस्तू विकत घेतल्या त्या परत देण्यासाठीच. त्यांतल्या 21 होपींच्या आणि 3 सान कार्लोस अपाची या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या होत्या. ईशान्येकडच्या हौदेनोसौनी (इरोक्वा) या मूळनिवासी लोकांनीही 1995 मध्ये आपल्या औषधी मुखवट्यांची विक्री आणि प्रदर्शन दोन्ही अमान्य असल्याचं जाहीर केलं.

होपी कारागीर कॉटनवुड झाडाच्या मुळातून कात्सिनांच्या बाहुल्या कोरतात आणि स्वतः विकतात. ती घ्या, कोरणाऱ्याचं नाव विचारून घ्या. मुखवटाच हवा असेल तर परत आल्यावर चरिदा किंवा आसामातलं माजुली गाठा. माजुलीच्या सामागुरी सत्रात (वैष्णव मठात) बांबूच्या सांगाड्यावर मातीत भिजवलेलं कापड चढवून मुखवटे करतात आणि 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. जव्हारकडेही कारागीर विकण्यासाठी कागदी मुखवटे करतात. तिथे एवढंच सांगा की भिंतीसाठी हवा आहे, न नाचलेला द्या.