वाचक विचारतात : एचडी डीव्हीडी ब्लू-रे प्लेअरवर चालेल का?

प्रश्न : माझ्याकडे काही जुन्या एचडी डीव्हीडी आहेत. ब्लू-रे प्लेअर घेतला तर त्या चालतील का? दोन्हींत निळाच लेसर असतो ना?

उत्तर : लेसर एकच, ४०५ नॅनोमीटरचा, तरीही चालणार नाहीत. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिमी खोल असतो, ब्लू-रेमध्ये जेमतेम ०.१ मिमी. त्यामुळे भिंग वेगळं, खाचांची दाटीही वेगळी. एका थरात एचडी डीव्हीडीवर १५ जीबी मावतात, ब्लू-रेवर २५. जुन्या डीव्हीडीच्या यंत्रांवर थोड्या फेरफाराने छापता येणं ही एचडी डीव्हीडीची जमेची बाजू होती. पण सोनीने प्लेस्टेशन ३ या गेम खेळण्याच्या यंत्रामध्येच ब्लू-रे बसवला, जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ही चित्रपट कंपनीही ब्लू-रेकडे वळली आणि फेब्रुवारीत एचडी डीव्हीडी आणणाऱ्या तोशिबाने माघार घेतली. तुमच्या डिस्कसाठी चालू स्थितीतला जुना एचडी डीव्हीडी प्लेअरच शोधावा लागेल. साध्या डीव्हीडी मात्र ब्लू-रे प्लेअरवर बिनदिक्कत चालतात, कारण त्यांच्यासाठी त्यात लाल लेसरही असतो.

नवा प्लेअर घेताना टीव्ही फोर-के असेल, तर थेट अल्ट्रा एचडी ब्लू-रे प्लेअर घ्या. साध्या ब्लू-रे प्लेअरवर अल्ट्रा एचडीच्या फोर-के डिस्क चालत नाहीत, उलट मात्र चालतं. टीव्ही आणि मधला ॲम्प्लिफायर, दोघांनाही एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी सुरक्षा प्रणाली) हवं, एकाकडे जरी नसलं तरी चित्र १०८०पी म्हणजे फुल एचडीवर उतरतं किंवा पडदा काळाच राहतो. साध्या ब्लू-रेवर ए, बी, सी असे जगाचे विभाग असतात, डिस्क आणि प्लेअर एकाच विभागाचे आहेत ना, तेवढं पाहून घ्या.