मागून येणाऱ्याने सांभाळायचं

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या सायकल ट्रॅकवर एका आजोबांशी तुझं वाजलं, हे वाचलं. ट्रॅक सायकलींसाठी आहे आणि ते मधून चालत होते, हे तुझं म्हणणं खरं आहे. तरीही मी आजोबांच्या बाजूने आहे. का, ते सांगतो.

मागून येणाऱ्याला सगळं दिसतं. पुढे किती माणसं आहेत, कुणाच्या हातात पिशवी आहे, कुणाचं बोट धरून मूल चाललंय. चालणाऱ्याला मात्र तू दिसत नाहीस, आणि सायकल ऐकूही येत नाही. धडक टाळायला जे कळायला हवं ते एकट्या तुला कळतं, म्हणून सांभाळायचंही तूच. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमावलीत, हेच तत्त्व घातलं: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी जास्त. रस्त्यावर मोटारवाल्यांकडून आपण हीच अपेक्षा करतो.

ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. कुणी आडवं आलेलं दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत सेकंदभर जातो, मग सायकल थांबेपर्यंत आणखी चार-पाच मीटर. एकूण दहा मीटर झाले. ताशी १० च्या वेगाला हेच साधारण चार मीटरमध्ये आटपतं, आणि धडक बसलीच तर तिचा जोर चौपट कमी असतो. उतारवयात पडून खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेलच असं नसतं. म्हणून वेगाबद्दल मी हट्टी आहे. जोरात मारायची असेल तर पहाटे बोपदेव घाट आहे, ट्रॅकवर नको.

आता घंटीचं. बहुतेक जण ती अगदी पाठीशी येऊन वाजवतात, आणि तिथेच घोटाळा होतो. दचकलेला माणूस मान वळवतो आणि मान वळली त्याच बाजूला पाऊलही टाकतो. दोघं असले तर एक डावीकडे सरतो, दुसरा उजवीकडे, मग एकजण दुसऱ्याला ओढायला मध्ये येतो. पलीकडे उभं असलेलं मूल हमखास आईकडे धावतं. म्हणून पंधरा-वीस मीटर आधी एकदाच, हलकी वाजव आणि त्यांनी काय केलं ते पाहा. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि सायकलची घंटी नेमकी त्याच पट्टीतली असते. तू घंटी वाजवूनही आजोबा हटले नाहीत ते मुद्दाम नव्हे, असं मला वाटतं ते यामुळे. अशा वेळी तोंडाने बोल: "काका, उजवीकडून येतोय, तुम्ही तसेच चाला." 'बाजूला व्हा' म्हणू नकोस, कुठल्या बाजूला ते त्यांना कळत नाही. पांढरी काठी दिसली तर पायी चालण्याइतका वेग ठेव, आणि पुढे जाताना आभार मान. कानात इअरफोन असेल तर ना घंटी उपयोगाची ना हाक, तिथे मागे थांबून जागा होईपर्यंत वाट पाहायची.

काही ठिकाणी तर उतरूनच चालावं. बालगंधर्व रंगमंदिरातला नाटकाचा प्रयोग सुटतो तेव्हा, संभाजी उद्यानाच्या फाटकाशी संध्याकाळी, आणि बस थांबलेली असताना स्टॉपवर. बसमधून उतरणारा माणूस पायरीकडे बघत असतो. तो थेट ट्रॅकवर पाऊल ठेवणार, हे तूच धरून चालायला हवं.

चालणाऱ्यांचं काहीच चुकत नाही असं मी म्हणत नाही. चौघांनी हातात हात घालून सगळी रुंदी अडवू नये, वळण्याआधी एकदा मागे बघावं, कुत्र्याची दोरी आखूड धरावी. पण ते सायकल ट्रॅकवर का येतात तेही बघ. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आपल्या किती पदपथांवर ती उरते? दुचाक्या लावलेल्या, विजेच्या पेट्या, मध्येच झाड, पुढे हातगाडी. माणूस खाली वाहनांत उतरण्यापेक्षा शेजारच्या ट्रॅकवर येतो, मीही आलो असतो. आपल्या शहराने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण अडलेला पदपथ मोकळा झाल्याशिवाय ट्रॅक मोकळा होणार नाही. तेव्हा भांडायचंच असेल तर फोटो काढ आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार दे, रोज तिथून चालणाऱ्यांच्याही सह्या घेऊन.

पाऊस तोंडावर आलाय. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, आणि छत्रीखालच्या माणसाला बाजूचं दिसत नाही. ब्रेकचे रबर या आठवड्यात बदलून घे, आणि पुढचा दिवा थोडा खाली झुकव, समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जातो.

तुझा,
काका