‘आगमनकाळ’ आणि त्यातली ‘आशा’

प्रश्न मडगावहून आला आहे. डिसेंबरातल्या चर्चच्या कार्यक्रमांची मराठीत बातमी करताना ‘ॲडव्हेंट’ (नाताळआधीच्या चार रविवारांचा काळ) तसाच ठेवावा की ‘आगमनकाळ’ लिहावे? ‘नाताळपूर्व उपवासाचा महिना’ म्हटले तर चालेल का? आणि या काळाला ‘आशेचा काळ’ म्हणतात, ती आशा कसली?

‘आगमनकाळ’ लिहा, जोडून. वसईकडच्या मराठी कॅथलिकांत हाच शब्द रुळलेला आहे. लॅटिन ‘आद्वेन्तुस’चा अर्थही येणे, आगमन असाच. सर्वसाधारण वाचकासाठी पहिल्या उल्लेखाला ‘आगमनकाळ म्हणजेच ॲडव्हेंट’ एवढे पुरे. मात्र सप्तमी चालवताना जपा. ‘आगमनकाळी’ लिहिले की ‘येण्याच्या वेळी’ असा अर्थ निघतो, आणि चवथीला गणपती आणताना आपण ‘आगमन’ म्हणतो ते त्या क्षणालाच. इथे तर येणारा अजून यायचा आहे. म्हणून ‘आगमनकाळात’.

‘उपवासाचा महिना’ दोन्ही बाजूंनी चुकतो. रोमन विधीत आगमनकाळाला आज सक्तीचा उपवास नाही. तो मान करेज्माचा, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या काळाचा. आणि हा काळ पुरता महिनाही नसतो. 30 नोव्हेंबरला सर्वांत जवळचा रविवार हा त्याचा पहिला दिवस, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यानचा. शेवट 24 डिसेंबरच्या सायंप्रार्थनेपूर्वी. त्यामुळे लांबी 22 ते 28 दिवस, रविवार मात्र नेहमी चार. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला सुरू होतो, 2028 मध्ये थेट 3 डिसेंबरला. दुकानातल्या चोवीस खिडक्यांच्या कॅलेंडरवर विसंबून ‘1 डिसेंबरपासून’ छापले की बहुतेक वर्षी फसते.

‘नाताळच्या तयारीचा काळ’ हे अर्धेच खरे. 17 डिसेंबरपासूनचे दिवस जन्मोत्सवाच्या सरळ तयारीचे आहेत. त्याआधी भर असतो तो ख्रिस्त पुन्हा येईल यावर. पहिल्या रविवारचे शुभवर्तमान गोठ्याचे नाव काढत नाही, ते सांगते की जागे राहा, सावध राहा. पुढच्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो, बाळ येशू नव्हे. आधी होऊन गेलेले आगमन आणि पुढे व्हायचे आगमन अशी दोन्ही टोके धरून हा काळ उभा आहे.

आता ‘आशा’. रोजच्या मराठीत आशेला शंकेची किनार असते: ‘आशा आहे, बघू’, ‘आशेवर जगणे’, ‘खोटी आशा’. वेडी आशाही असते. ख्रिस्ती अर्थ याच्या जवळपास उलटा आहे. वचन दिलेले आहे, देणारा खात्रीचा आहे, फक्त वेळ हाती नाही. अशा वाट पाहण्याला तिथे आशा म्हणतात. मराठी बायबलात विश्वास, आशा, प्रीती हे त्रिकूट पक्के असल्याने शब्द बदलू नका. पण अर्थ उलगडायचा असेल तर गोव्यात दाखला घरातच आहे. कोकणी ख्रिस्ती प्रार्थनेत हेच त्रिकूट भावार्थ, भर्वंसो आणि मोग असे येते. आशेच्या जागी भर्वंसो! मराठी ‘भरवसा’ त्याचाच सख्खा भाऊ, आणि माझ्या मते ‘अपेक्षा’ किंवा ‘उमेद’ यांपेक्षा अर्थाला तोच जवळचा. लेखात एखादे वाक्य असे जमते: ‘आगमनकाळातली आशा म्हणजे भरवशाने पाहिलेली वाट.’ वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, म्हणून कुमसार (पाद्रीपुढे पापांची कबुली), समेट आणि दानधर्म या काळात येतात.

आगमनकाळात मांडतात त्या हिरव्या पानांच्या चक्रावरच्या मेणबत्त्यांबद्दल: तीन जांभळ्या, एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असे वाढवत जायचे. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते. घाईत ती दुसऱ्याच आठवड्यात लावली जाते, किंवा फोटो सुंदर यावा म्हणून चारही पेटवतात. मग फोटोओळीत ‘पहिला रविवार’ लिहिणे हास्यास्पद ठरते. मधली पांढरी असलीच तर ती नाताळची. पहिलीला ‘आशेची मेणबत्ती’ म्हणण्याची रीत लोकप्रिय आहे, पण ती विधीचा भाग नाही, तेव्हा ‘चर्चच्या नियमानुसार’ असे जोडू नका. चक्राची प्रथाच मुळी 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान विखेर्न या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने अनाथ मुलांसाठी सुरू केली.

मिसेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आगमनकाळाच्या रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, आलेलूया हा जयघोष मात्र म्हणतात. करेज्मात दोन्ही गळतात. 3 डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त (चर्चचा उत्सव) आणि 8 डिसेंबरचे पणजीचे फेस्त याच काळात येतात, तेव्हा पाद्रीच्या अंगावर आगमनकाळाच्या जांभळ्याऐवजी पांढरी वस्त्रे दिसली म्हणून आगमनकाळ संपला असे समजू नये.

‘ॲडव्हेंटिस्ट’ हा शब्द निराळा, तो एका प्रोटेस्टंट पंथाचे नाव आहे. ‘ॲडव्हेंट पाळणारे’ या अर्थी तो वापरू नका.