सत्कार झाला आणि रडू फुटलं

प्रिय मावशी,
मी सांगलीत एका सहकारी बँकेत वसुलीला आहे. वय 33. जानेवारीपासून मार्च एंडपर्यंत रविवारीसुद्धा थकबाकीदारांच्या दारात उभी होते. एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जाचा आकडा, खाली आला, एप्रिलच्या बैठकीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती शाल अजून पिशवीतच आहे. सकाळी बँकेचा ग्रुप वाजला की पोटात गोळा येतो, काही कारण नसताना रडू येतं. लहानपणापासून शेरलॉक होम्स माझा आदर्श. तहान-भूक विसरून काम करणारा. आता त्याची गोष्टसुद्धा दोन पानांपुढे वाचवत नाही. मी एवढी लेचीपेची कशी निघाले?
– एक वाचक

अगं, आदर्श तू अर्धाच वाचलेला दिसतोय. रायगेटच्या जमीनदारांची गोष्ट आहे ना, 1893 सालची, तिची पहिली दोन पानं काढ. तेवढी तर वाचवतील. एका बड्या ठगाच्या मागे होम्स दोन महिने राबलेला असतो. रोज पंधरा तासांच्या खाली नाही, कधी कधी तर सलग पाच-पाच दिवस. तीन देशांच्या पोलिसांना जमलं नाही ते हा करून दाखवतो आणि फ्रान्समध्ये लिआँच्या एका हॉटेलात आडवा होतो. तार मिळताच त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन धावत जातो. बघतो तर खोलीत अभिनंदनाच्या तारांचा घोट्याएवढा खच, आणि त्यात हा खिन्न होऊन पडलेला. युरोपभर नाव गाजतंय, पण त्याला त्याचं काही म्हणता काही वाटत नाही. तुझी पिशवीतली शाल वाचताना मला त्या ताराच दिसल्या.

तेव्हा लेचीपेची वगैरे काही नाही. मोहीम चालू असते तोवर माणूस रेटून नेतो. टार्गेट गाठलं, की शरीर मागची सगळी थकबाकी व्याजासकट एकदम मागतं. वसुलीवालीला हे मी काय सांगायचं!

1910 साली आलेली ‘द डेव्हिल्स फूट’ मात्र सावकाश वाच. तिच्यात 1897 चा मार्च आहे (तोही मार्चच, बघ). होम्सची पोलादी तब्येत पुन्हा ढासळते. लंडनचे डॉक्टर बजावतात, हातातली सगळी कामं बाजूला ठेवा. स्वतःच्या तब्येतीशी त्याला काही देणंघेणं नसतं. पुढे कायमचंच काम बंद होईल, अशी भीती घातल्यावर स्वारी हलते. मग इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलला समुद्रकाठच्या एका छोट्या घरात मुक्काम. तिथे तो एकटा माळरान तुडवतो आणि तिथल्या जुन्या कॉर्निश भाषेच्या नादाने भाषाशास्त्राची पुस्तकं मागवून त्यांत डोकं घालतो. त्यात ना कुणाचा फायदा, ना कसली मुदत. अंथरुणात पडून मोबाईल चाळण्याला आपण विश्रांती म्हणतो, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. तुझंही असं एखादं बिनकामाचं वेड असेलच. नसलं तर शोध.

अर्थात तिथेही दाराशी भलतं प्रकरण आलंच आणि साहेब उठून धावले. तेवढं त्याचं ऐकू नकोस.

आणखी एक. आपण थकलोय हे होम्सने स्वतःहून मनावर घेतलं नाही, काळजी घेतली ती सोबतच्या वॉटसनने. तुझ्या पत्रात असं कुणीच दिसत नाही. घरी कोण असतं, त्यांना हे रडणं ठाऊक आहे का, यावर एक ओळसुद्धा नाही. आधी त्यांच्यापैकी एकाला सांग आणि त्यांच्यासोबतच फॅमिली डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12 तपासून घे. सगळा दोष मनाला देऊन मोकळं होऊ नये, आणि रडण्याचं डॉक्टरांपासून लपवूही नये. समोर बसून बोलवत नसेल, तर मनाच्या त्रासासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मग रजा. चार दिवसांची नको, चांगली पंधरा-वीस दिवसांची मागून बघ. चार्ज रीतसर दुसऱ्याकडे दे आणि ग्रुप म्यूट कर. ‘घरगुती काम’ लिहू नकोस, तब्येत असंच लिही. आणि परत रुजू झाल्यावर पुढच्या मार्चचं बोलून घे: जोडीला दुसरा माणूस हवा आणि रविवारी वसुली नाही. एकदा करून दाखवलं की पुढचं टार्गेट वाढूनच येतं. तेव्हा हे दिवाळीनंतर नको, आत्ताच बोल. सत्काराचे फोटो अजून ताजे आहेत, साहेबांच्या तोंडून ‘नाही’ निघणं जड जाईल.